समुद्री स्पंजातल्या जिवाणूंपासून नवं औषध: नाशिकच्या प्रयोगशाळेत काम उभं करताना

स्पंज हा प्राणी आहे, आणि त्याच्या वजनाचा मोठा भाग कधी कधी त्याचा स्वतःचा नसतोच. काही जातींमध्ये ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत वस्तुमान जिवाणूंचं असतं. एका जागी चिकटून बसलेला, पळता न येणारा, कवच नसलेला हा प्राणी रसायनांच्या जोरावर टिकतो, आणि त्यातली बरीच रसायनं हे भाडेकरू जिवाणू बनवतात. थिओनेला स्विन्होई या स्पंजातली बहुतेक औषधी संयुगं एन्टोथिओनेला नावाचा जिवाणू बनवतो, हे २०१४ साली स्पष्ट झालं.

जिवाणूंच्या मागे लागायचं व्यावहारिक कारण मात्र पुरवठ्याचं आहे. हॅलिकॉन्ड्रिन बी हा रेणू १९८६ साली जपानी संशोधकांनी वेगळा केला तेव्हा ६०० किलो स्पंजातून १२.५ मिलीग्राम हाती लागलं. त्यावरून बेतलेलं एरिब्युलिन हे कर्करोगावरचं औषध २०१० साली अमेरिकेत मंजूर झालं, तेही संपूर्ण रासायनिक पद्धतीने बनवून. समुद्र ओरबाडून औषध होत नाही. तोच रेणू फ्लास्कमध्ये वाढणारा जिवाणू देत असेल, तर सगळं गणित बदलतं.

हे काम नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात होऊ शकतं. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं भांडं), लॅमिनार (जंतुमुक्त हवेचं कपाट), शेकर (फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र), रोटरी इव्हॅपोरेटर (द्रावक आटवणारं यंत्र) आणि धीर एवढं हवं. पुढची मोठी उपकरणं पुण्या-मुंबईला मिळतात.

परवानगी आधी, सुरी नंतर

चुनखडी सांगाड्याच्या स्पंजांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून घोषित आहे आणि तिथे परवान्याशिवाय काहीही उचलता येत नाही. त्यामुळे वन विभागाकडे लेखी अर्ज आणि राज्य जैवविविधता मंडळाला कळवणं, ही दोन कामं नमुना घेण्याच्या कितीतरी आधी सुरू करा. पेटंटचा विचार असेल किंवा नमुना परदेशी पाठवायचा असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी गाठ पडतेच. कागद नंतर करू म्हणणाऱ्यांचा शोधनिबंध परीक्षणात अडकतो.

नमुना: किनारा ते नाशिक

नाशिकला जवळचा किनारा डहाणू-पालघरचा, पण तिथलं पाणी गढूळ. कपारी आणि खडकाळ डबकी हवी असतील तर रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे जावं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, ओहोटी सगळ्यात खोल जाते. तीच वेळ साधायची. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत गेलात तर खडक उघडे पडणारच नाहीत. पावसाळा सोडून द्या.

हातात नायट्राइलचे हातमोजे हवेतच. स्पंजाचे काटे, म्हणजे स्पिक्यूल, कातडीत घुसले की दोन दिवस खाज जात नाही. निर्जंतुक ब्लेडने ५ ते १० ग्रॅमचा तुकडा कापा आणि बुंधा खडकावरच ठेवा, म्हणजे तो पुन्हा वाढतो. झिपची पिशवी पाण्याखाली धरूनच तुकडा आत घ्या, हवा शिरू देऊ नका. कापण्याआधी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, कारण बरेच स्पंज पाण्याबाहेर आले की रंग बदलतात. सोबत स्थळाचे जीपीएस अंक, पाण्याचं तापमान आणि क्षारता टिपा.

त्याच जागचं १ लिटर पाणी आणि थोडा गाळ निर्जंतुक बाटलीत घ्यायला विसरू नका. एक किलो स्पंज दिवसाला हजारो लिटर पाणी गाळतो. त्यात सापडलेला जिवाणू तिथला रहिवासी आहे की गिळलेला घास, हे पाण्याच्या नमुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

ओळख पटवण्यासाठी एक तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. फॉर्मेलिन नको, त्यात डीएनए खराब होतो. दुसऱ्या बारक्या तुकड्यावर सोडियम हायपोक्लोराइट टाकलं की मांस विरघळतं आणि स्पिक्यूल उरतात. ते पाण्याने, मग अल्कोहोलने धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. त्यांच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून फसफसलं तर सांगाडा चुनखडीचा, म्हणजे कायद्यात बसणारा. तो नमुना परवान्यात आहे का ते पुन्हा तपासा.

प्रवासात थर्माकोलच्या खोक्यात बर्फ चालतो, पण पिशवी बर्फाला थेट टेकू देऊ नका, मध्ये वर्तमानपत्राचे थर घाला. गोठलेल्या नमुन्यातले नाजूक जिवाणू मरतात. त्याहून वाईट म्हणजे बर्फाचं वितळलेलं गोडं पाणी पिशवीत शिरणं: क्षारता एकदम उतरते आणि समुद्री पेशी फुटतात. म्हणून दोन पिशव्या, एकात एक. कसारा घाट चढून २४ तासांच्या आत नमुना लॅमिनारखाली आला पाहिजे.

पाणी आणि मीडिया: निम्मं यश इथे

मीडिया म्हणजे जिवाणू वाढवायचं अन्न, आणि इथे त्याचा पाया समुद्राचं पाणी. शक्य असेल तर २० लिटरच्या कॅनमधून खरं समुद्राचं पाणी आणा, कापडातून आणि मग फिल्टर पेपरातून गाळा आणि महिनाभर अंधारात ठेवून वापरा. ते नसेल तर कृत्रिम पाणी. १ लिटरला सोडियम क्लोराइड २४ ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट ११ ग्रॅम, सोडियम सल्फेट ४ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट १.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.७ ग्रॅम आणि सोडियम बायकार्बोनेट ०.२ ग्रॅम. स्वयंपाकघरातलं मीठ घेऊ नका, त्यात आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठी घातलेली पावडर असते. कॅल्शियम क्लोराइड वेगळं ऑटोक्लेव्ह करा, बायकार्बोनेट ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून गाळा आणि दोन्ही शेवटी मिसळा. एकत्र ऑटोक्लेव्ह केलं की पांढरा साका बसतो आणि कॅल्शियम त्यात अडकून बसतं.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे, ही गोष्ट ऑटोक्लेव्हला कळते, आपण विसरतो. इथे हवेचा दाब कमी, म्हणून गेजवर १५ पौंड दिसले तरी आतलं तापमान १२० अंशांच्या आसपासच राहतं. १६ पौंडांवर २० मिनिटं ठेवा. मोठ्या फ्लास्कला वेळ वाढवा. वाफ सुटू लागल्यावर आतली हवा पूर्ण बाहेर गेल्याशिवाय झडप बंद करू नका.

मीडिया किमान तीन घ्या. पहिला एम-१: स्टार्च १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ४ ग्रॅम, पेप्टोन २ ग्रॅम, अगर (मीडिया घट्ट करणारा शैवालातला पदार्थ) १८ ग्रॅम, समुद्राचं पाणी १ लिटर. दुसरा स्टार्च-केसीन अगर, समुद्राच्या पाण्यात. तिसरा उपाशी मीडिया: नुसतं समुद्राचं पाणी आणि अगर, वाटल्यास त्याच स्पंजाचा थोडा गाळलेला अर्क. यावर वसाहती (जिवाणू वाढून झालेले ठिपके) अगदी बारीक येतात आणि भिंगाशिवाय दिसत नाहीत, पण गर्दीत मागे पडणारे हळूवार जिवाणू इथेच सापडतात. सकस मीडियावर जे झपाट्याने येतात ते बहुधा सगळ्यांना माहीत असलेले असतात.

अगर ४५ ते ५० अंशांवर आला की प्रतिजैविकं घाला. नॅलिडिक्सिक आम्ल २५ मायक्रोग्राम प्रति मिलि, म्हणजे ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमधल्या १० मिलीग्राम प्रति मिलि द्रावणाचे लिटरला २.५ मिलि. बुरशीसाठी निस्टॅटिन ५० मायक्रोग्राम प्रति मिलि. सायक्लोहेक्झिमाइड जास्त परिणामकारक आहे, पण माणसालाही तितकंच विषारी. वजन करताना मास्क आणि हातमोजे हवेत आणि पंखा बंद.

आता स्पंज. निर्जंतुक समुद्राच्या पाण्याने तीनदा धुवा, वर चिकटलेले जीव आणि वाळू चिमट्याने काढा. बाहेरून ७० टक्के अल्कोहोल काही सेकंद लावून लगेच पुन्हा धुवा. आतला १ ग्रॅम तुकडा खलात ९ मिलि निर्जंतुक समुद्राच्या पाण्यात वाटा. ही १/१० पातळी. तिथून १/१,००,००० पर्यंत दहा-दहा पटीने पातळ करत जा. निम्म्या नळ्या ५५ अंशांच्या पाण्यात ६ ते १० मिनिटं ठेवा. झपाट्याने वाढणारे बरेच ग्राम-निगेटिव्ह गटातले जिवाणू त्यात मरतात आणि ॲक्टिनोमायसेटींचे, म्हणजे बरीच प्रतिजैविकं देणाऱ्या धाग्यांसारख्या जिवाणूंचे, बीजाणू टिकतात. आपण मुख्यतः यांच्याच मागे आहोत. वॉटर बाथचा आकडा आणि नळीतलं तापमान एक नसतं. एका रिकाम्या नळीत तेवढंच पाणी भरून त्यात थर्मामीटर ठेवा आणि वेळ तिथून मोजा.

प्रत्येक प्लेटवर १०० मायक्रोलिटर पसरवा. तापवलेल्यातून १/१० ते १/१,०००, न तापवलेल्यातून १/१,००० ते १/१,००,०००. तीन मीडिया, तीन पातळ्या, तीन-तीन प्लेट आणि तापवलेलं-न तापवलेलं धरलं तर एका स्पंजाला ५४ प्लेट होतात. प्लेटला २५ मिलि धरा, १५ नको, म्हणजे साधारण १,३५० मिलि मीडिया. हा हिशेब आधी करा, कारण पहिल्याच खेपेला चार स्पंज आणणाऱ्याचे दोन फुकट जातात.

सहा आठवडे थांबायचं

२८ अंशांवर चार ते आठ आठवडे. नाशिकच्या थंडीत खोलीचं तापमान कामाचं नाही आणि एप्रिलमध्ये तर मुळीच नाही. इन्क्युबेटर लागतोच. प्लेटच्या कडा पॅराफिल्मने बंद करा आणि इन्क्युबेटरमध्ये पाण्याचा ट्रे ठेवा. कोरड्या हवेत अगर आक्रसतो आणि पृष्ठभागावर मिठाचे स्फटिक उमटतात. हे स्फटिक पांढरे, गोल, चक्क वसाहतीसारखे दिसतात. सुईने टोचून पाहा: स्फटिक कुरकुरतो आणि पाण्याच्या थेंबात विरघळतो.

पहिल्या आठवड्यात आलेल्या चिकट, चकचकीत वसाहती नोंदवा, पण त्यांच्या मोहात पडू नका. आपल्याला हव्यात त्या तिसऱ्या आठवड्यानंतर दिसू लागतात: लिंबाच्या वाळलेल्या सालीसारख्या कडक, सुरकुतलेल्या, अगरमध्ये मुळं रोवून बसलेल्या. लूपने (तारेच्या कडीने) उचलायला गेलं तर अख्खी वसाहत निघते किंवा निघतच नाही. काहींवर भुकटी येते, काहींना पहिल्या पावसाच्या मातीचा वास असतो. बुरशी दिसली की ती प्लेट उघडू नका, बाजूला काढून ऑटोक्लेव्ह करा.

तीनदा स्ट्रीक करून, म्हणजे लूपने रेघा ओढत वसाहती सुट्या करून, शुद्ध करा. मग तोच मीडिया एकदा समुद्राच्या पाण्यात आणि एकदा डिस्टिल्ड पाण्यात बनवून दोन्हींवर लावा. गोड्या पाण्यावर न वाढणारा हा खरा समुद्री. सॅलिनिस्पोरा ही प्रजाती अशीच आहे. तिच्यातून मिळालेला सॅलिनोस्पोरामाइड ए कर्करोगाच्या चाचण्यांपर्यंत गेला. मात्र गोड्या पाण्यावरही वाढणारे फेकू नका, त्यांच्यातही कामाचे असतात. प्रत्येकाचे २० टक्के ग्लिसरॉलमधले दोन-दोन साठे उणे ८० अंशांवर ठेवा, शक्य तर दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये.

झोन दिसला म्हणजे औषध नव्हे

झोन म्हणजे चाचणीच्या जंतूची वाढ थांबलेली मोकळी जागा. पहिली चाळणी क्रॉस-स्ट्रीकची, म्हणजे आडव्या-उभ्या रेघांची. प्लेटच्या मधोमध आपला जिवाणू सात दिवस वाढू द्या, मग त्याला काटकोनात स्टॅफिलोकोकस ऑरियस एटीसीसी २५९२३, ई. कोलाय एटीसीसी २५९२२ आणि कॅन्डिडा अल्बिकन्स एटीसीसी १०२३१ हे चाचणीचे जंतू ओढा (एटीसीसी क्रमांक म्हणजे अमेरिकी संग्रहातला ठरलेला वाण). इथली नेहमीची फसगत: समुद्राच्या पाण्याच्या अगरवर ई. कोलाय मुळातच कष्टाने वाढतो. रेघ फिकी दिसली की विद्यार्थी खूश होतात, पण तो मिठाचा परिणाम असतो. मधली रेघ न ओढलेली तशीच एक प्लेट शेजारी ठेवल्याशिवाय निकाल लिहू नका.

नाशिकला आणखी एक परीक्षा घेता येते. द्राक्षाच्या करप्याची बुरशी, कोलेटोट्रायकम, बटाटा-डेक्स्ट्रोज अगरवर सहज वाढते. तिची ५ मिमीची चकती आणि ३ सेंमी अंतरावर आपला जिवाणू, एवढं पुरतं. केवडा आणि भुरीची मात्र अशी चाचणी होत नाही, कारण त्या बुरशा जिवंत वेलीवाचून वाढतच नाहीत. औषध नाही झालं तरी पिकाला उपयोगी काही सापडू शकतं.

निवडलेल्यांचं द्रव संवर्धन करा. ५०० मिलिच्या फ्लास्कमध्ये १०० मिलिच, जास्त भरलं तर हवा पोचत नाही. २८ अंश, १८० ते २०० आरपीएम, सात ते दहा दिवस. फ्लास्कमध्ये स्टीलची स्प्रिंग टाकली तर मोठे गोळे बनत नाहीत. तासभर वीज गेली की शेकर थांबतो आणि पेशी तळाशी बसून गुदमरतात. शेकर इन्व्हर्टरवर जोडा, नाहीतर वीज गेल्याची वेळ वहीत लिहा, म्हणजे एका बॅचमध्ये गुण दिसला आणि दुसरीत नाही, याचा उलगडा होईल. दुसऱ्या दिवशी मेथॅनॉलने आणि पाण्याने धुतलेलं एक्सएडी-१६ रेझिन लिटरला २० ग्रॅम घाला. ते बाहेर पडलेले रेणू धरून ठेवतं. एकाच जिवाणूला निदान तीन वेगळ्या मीडियात वाढवा. जनुकं तीच असली तरी अन्न बदललं की वेगळी संयुगं बनतात.

द्रवातून संयुगं काढायला समान आकारमानाचं इथाइल ॲसिटेट, दोनदा. मध्ये फेसाळ थर बसला तर चिमूटभर मीठ घाला किंवा सेंट्रिफ्यूज करा, पण फनेल जोरात हलवू नका. निर्जल सोडियम सल्फेटवर कोरडं करून ४० अंशांवर आटवा. रेझिन कापडातून गाळून ॲसिटोनने धुवा. आणि हे सगळं, अगदी सगळं, जिवाणू न घातलेल्या मीडियावरही करा. यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधले रेणूही अर्कात उतरतात.

डिस्क चाचणीला ६ मिमीच्या चकतीवर १० मिलीग्राम प्रति मिलि अर्काचे २० मायक्रोलिटर, म्हणजे २०० मायक्रोग्राम. म्युलर-हिंटन अगर ४ मिमी जाड, चाचणीचा जिवाणू ०.५ मॅकफारलँड, म्हणजे ठरलेल्या गढूळपणाइतका दाट. नुसत्या द्रावकाची चकती, मीडियाच्या अर्काची चकती आणि माहीत असलेल्या प्रतिजैविकाची चकती, तिन्ही त्याच प्लेटवर. झोन मोठा म्हणून अर्क चांगला असं समजू नका. मोठा रेणू अगरमध्ये हळू पसरतो आणि झोन लहान देतो. खरी तुलना ९६ घरांच्या प्लेटमध्ये एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारी किमान मात्रा, काढूनच होते.

जुनंच आहे का, हे सगळ्यात आधी

बहुतेक प्रकल्प इथे फसतात, आणि तेही उशिरा. सहा महिने शुद्धीकरण करून शेवटी हाती लागतो १९४० साली सापडलेला ॲक्टिनोमायसिन. म्हणून कच्च्या अर्काला गुण दिसला की त्याच आठवड्यात टीएलसी प्लेट (पातळ थरावर अर्कातले घटक वेगळे करणारी) धावू द्या, कोरडी करा आणि तिच्यावर चाचणी जिवाणूचा पातळ अगर ओता. कोणत्या ठिपक्यावर वाढ थांबली ते थेट दिसतं. अर्क केशरी-पिवळा असेल आणि स्टॅफिलोकोकसवर जोरदार चालत असेल, तर पहिला संशय ॲक्टिनोमायसिनचाच घ्या. मास स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे रेणूंच्या वस्तुमानाच्या आलेखात, १२५५.६ च्या आसपास शिखर आणि दृश्य प्रकाशात ४४० नॅनोमीटरजवळ शोषण दिसलं की ॲक्टिनोमायसिन डी जवळपास ठरलं.

एलसी-एमएस, म्हणजे घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणं, पुण्या-मुंबईच्या राष्ट्रीय संस्थांमध्ये पैसे भरून होतं. आलेलं वस्तुमान नॅचरल प्रॉडक्ट्स ॲटलस आणि जीएनपीएस या मोफत संग्रहांत शोधा. समांतर १६एस या जिवाणूची ओळख पटवणाऱ्या जनुकाचं अनुक्रमण २७एफ आणि १४९२आर प्रायमरने करा. जवळच्या ज्ञात जातीशी साम्य ९८.७ टक्क्यांहून कमी असेल तर जात नवी असण्याची शक्यता आहे. पण नवी जात म्हणजे नवा रेणू नव्हे, आणि उलटही खरं: जुन्या, ओळखीच्या स्ट्रेप्टोमायसिस या ॲक्टिनोमायसेटीच्या जीनोममध्ये अँटिस्मॅश या मोफत प्रणालीला संयुगं बनवणारे दोन-तीन डझन जनुकसमूह सापडतात, ज्यांतले बरेचसे प्रयोगशाळेत गप्प असतात. हाताशी पैसा थोडा असेल तर दहा जिवाणूंच्या १६एस पेक्षा दोन निवडक जिवाणूंचा पूर्ण जीनोम जास्त सांगतो.

एक मास शिखर नवख्यांना हमखास फसवतं: ३९१. ते प्लॅस्टिकमधल्या थॅलेटचं असतं, नळ्यांतून आणि द्रावकाच्या कॅनमधून येतं. काचेची भांडी वापरा आणि मीडियाच्या अर्काचाही स्पेक्ट्रम घ्या.

संग्रहात न सापडलेलं वस्तुमान उरलं, तरच शुद्धीकरणासाठी स्तंभ आणि एचपीएलसीकडे, आणि रचना उलगडायला एनएमआरकडे वळा. संपूर्ण रचना उलगडायला शुद्ध पदार्थ २ ते ५ मिलीग्राम लागतो, त्यासाठी अनेकदा ५ ते १० लिटर संवर्धन करावं लागतं. त्याच वेळी मेंढीच्या तांबड्या पेशींवर आणि एखाद्या सामान्य पेशीवंशावर (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींवर) विषारीपणा तपासा. एमआयसीच्या पातळीवरच तांबड्या पेशी फुटत असतील तर तो रेणू रक्तात द्यायच्या औषधाच्या वाटेवरचा नाही.

जिवाणू पुण्याच्या एनसीएमआर किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव-संग्रहात जमा करा. पेटंटसाठीची आंतरराष्ट्रीय ठेव दोन्हीकडे घेतली जाते. नव्या जातीचं नाव मान्य व्हायला मात्र दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेव लागते, म्हणजे जैवविविधता कायद्याचा कागद पुन्हा हवा. आणि पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत रेणूची रचना कुठल्याही परिषदेच्या पोस्टरवर लावू नका, महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनातही नाही. एकदा जाहीर झालेल्या गोष्टीला नवेपणाचा दावा करणं अवघड जातं.